तीन नंबरचं टेबल

५ जानेवारी, सोमवार

स्कॅनरच्या मागचं बॅटरीचं झाकण आज शेवटी तुटलं. चिकटपट्टी लावली तर थंडीत सुटते, म्हणून आता रबरबँड. हातात मावणारं एवढंसं यंत्र, पण पोलीस, आगीचे बंब, अँब्युलन्स, बर्फ काढणाऱ्या गाड्या, सगळ्यांच्या रेडिओ चॅनलांवर फिरत राहतं आणि जिथे कुणी तोंड उघडेल तिथे थांबतं. माझी बायको मॅव्हिस होती तेव्हा ते फ्रिजवर असायचं. ती गेल्यापासून माझ्या खिशात असतं. खिशात ठेवलं की चालता चालता एखादं बटण दाबलं जातं आणि नेमकं महत्त्वाचं चॅनल यादीतून गळतं. मग मी अर्धा दिवस म्हणत बसतो, आज गाव कसं शांत आहे. तिकडे कुणाचं तरी गवत जळून राख झालेलं असतं.

आज तेच झालं. सकाळपासून कंट्रोल रूमचं चॅनल गळलेलं, आणि मला पत्ता दुपारी लागला. ब्रिटाची अर्धी पाळी वाया गेली.

वाया गेली म्हणजे मी तिच्यासाठी ऐकतो असं नाही. ती जन्माला यायच्या आधीपासून मी ऐकतोय, हा माझा पाचवा स्कॅनर. आता माझी मुलगी काउंटीच्या कंट्रोल रूममध्ये तीन नंबरच्या टेबलावर बसते आणि गाड्यांना हुकूम सोडते, हा निव्वळ योगायोग. नोव्हेंबरपासून आमचं बोलणं नाही, तो विषय वेगळा. त्याचा स्कॅनरशी काही संबंध नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे गुत्त्यावर तळलेला मासा. झास्ट्रो आधीच येऊन माझ्या स्टुलावर बसलेला. एल्रॉय झास्ट्रोनं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा त्याचा समज आहे. स्कॅनर विकत घेणं त्याला मान्य नाही. तो फोनवरच्या अ‍ॅपवर ऐकतो. कुणीतरी कुठेतरी आपला स्कॅनर इंटरनेटला जोडून ठेवतो आणि हे महाशय तिथून फुकट ऐकतात. पण ते यायला मिनिट-दीड मिनिट लागतं. माझ्या खिशातून ब्रिटाचा आवाज आला, "बंब दोन, लेक रोडवर चिमणीला आग," आम्ही सगळे खिडकीशी धावलो, बंब दारावरून गेलासुद्धा, आणि मग झास्ट्रोचा फोन बोलतो, "बंब दोन..."

"वरातीमागून घोडं," मी म्हणालो.

"घोडं फुकट आहे ना?" झास्ट्रो म्हणाला. "आणि लाइल, तुझ्या खिशातली नवरदेवाची वरातही आता बंद होणार आहे. पेपर वाचला नाहीस वाटतं?"

पेपर वाचला. शेरीफ साहेबांना, म्हणजे आमच्या पोलीसप्रमुखांना, काउंटीच्या सगळ्या चॅनलांना कुलूप घालायचंय. म्हणजे बोलणं संकेतात गुंडाळून पाठवणार, आणि किल्ली फक्त त्यांच्या रेडिओत. स्कॅनर असो नाहीतर अ‍ॅप, बाहेरच्याला एक शब्द कळणार नाही. तीन फेब्रुवारीला काउंटीच्या सभेत मतदान आहे.

मासा खाववला नाही. हा जनतेच्या हक्काचा प्रश्न आहे. पोलीस काय करतात हे जनतेला कळायला नको?

झास्ट्रो म्हणाला, "जनतेला फोन लाव की. जनता दहा मैलांवर राहते. तुझा नंबर तिला पाठ आहे, तिचा तुला."

मूर्ख आहे. आणि आधी फोन मी का करायचा? मी बाप आहे.

१२ जानेवारी, सोमवार

काउंटीनं दोन वर्षांपूर्वी नवे टॉवर उभारले तेव्हापासून माझ्या घरात एक पीडा आहे. दोन टॉवर एकाच वेळी एकच बोलतात, स्कॅनरला ते दोन्हीकडून ऐकू येतं आणि तो गोंधळतो. आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. स्वयंपाकघरात पाण्याखाली, बैठकीत पाण्याखाली. सगळ्या घरात एकच जागा अशी आहे की जिथे आवाज स्वच्छ येतो. खालच्या न्हाणीघरातलं बेसिन. त्यात स्कॅनर डाव्या कुशीवर झोपवायचा, आणि दार अर्धवट लावायचं. का, ते झास्ट्रोलाही सांगता येत नाही. म्हणून मी सकाळची कॉफी टबाच्या काठावर बसून पितो. उशी घेतो एक.

आज ब्रिटा फार छान बोलली. म्हणजे काम छान केलं. अँब्युलन्सच्या नव्या पोराला रस्ता सापडेना, तर म्हणाली, "घाई नको, डावीकडे पांढरं कोठार दिसेल, तिथे वळा. बाई शुद्धीवर आहेत. तुम्ही येताय हे मी त्यांना सांगितलंय." हे कुणी शिकवलं तिला? मॅव्हिसनं. मॅव्हिस अशीच बोलायची.

पण आवाज बसलाय तिचा. घसा खवखवतोय हे स्पष्ट आहे. मध घेत नसणार.

१३ जानेवारी, मंगळवार

बर्फाच्या तक्रारीसाठी काउंटीच्या ऑफिसात मला जायचंच होतं. जाताना मधाची बाटली नेली. खिडकीवरच्या बाईला म्हणालो, कंट्रोल रूममध्ये द्या, कुणीही घ्या, सगळ्यांसाठी आहे. नाव सांगितलं नाही. बाई म्हणाली, "बरं, मिस्टर टॉलेफसन."

१९ जानेवारी, सोमवार

घसा सुटलाय. मध काम करतो.

२४ जानेवारी, शनिवार

सभेत भाषण करायचं ठरवलंय. दर माणसाला तीन मिनिटं देतात. झास्ट्रोला लिहून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "उत्तम आहे. फक्त पीटरसनच्या बायकोचं काय ते आधी ठरव, कारण ती येणार आहे."

हे प्रकरण लिहून टाकतो म्हणजे मनातून जाईल. नोव्हेंबरात पीटरसनच्या शेतावर ट्रॅक्टर उलटला. मी स्कॅनरवर ऐकलं आणि गावाच्या फेसबुक पानावर लगेच टाकलं, माणूस खाली अडकलाय, सगळ्यांनी प्रार्थना करा. माझ्याइतक्या लवकर ते कुणालाच कळलं नव्हतं. पोलिसांनाही नाही, असं म्हणायला हरकत नाही, कारण पीटरसनच्या बायकोला सांगायला निघालेला पोलीस अजून रस्त्यात होता. तिनं तिच्या दुकानात गल्ल्यावर उभ्या उभ्या ते पानावर वाचलं, गाडी काढली, सुसाट निघाली आणि खड्ड्यात गेली. तिच्या मानेला लागलं, त्याचा पाय मोडला. दोघांचे कॉल एकापाठोपाठ एक ब्रिटानेच घेतले.

संध्याकाळी ती इथे आली. कोट काढला नाही. "बाबा, त्या बाईला माणसानं सांगायचं होतं. माणूस निघाला होता. तुम्ही काय केलंत?" मी म्हणालो, रस्त्यावर बर्फ होता, तो काय मी पाडला? ती निघून गेली. मला आजपर्यंत कळलेलं नाही की तिला नेमका राग कशाचा आला. मी त्या पोस्टमध्ये प्रार्थना करायलाच तर सांगितलं होतं!

३ फेब्रुवारी, मंगळवार

भाषण झालं. मला वाटतं परिणाम चांगला झाला.

शेरीफ आधी बोलले. म्हणाले, गेल्या वर्षी अशी एक घटना घडली की नातेवाइकांना बातमी आमच्याआधी इतरांकडून कळली, आणि त्यातून दुसरा अपघात झाला. नाव घेतलं नाही त्यांनी. सभागृहातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझा नंबर पुढचा आहे हे लोकांना माहीत असावं. मी टाय लावला होता.

मी पारदर्शकतेवर बोललो, करदात्यांवर बोललो. वादळात वीज गेली तेव्हा याच स्कॅनरवर ऐकून मी शेजारच्या तिघांना तळघरात पाठवलं होतं, तेही सांगितलं. घंटा वाजली तेव्हा मी नुकता विषयाला हात घालत होतो. नंतर पीटरसनची बायको उठली. मानेला अजून पट्टा आहे. म्हणाली, "माझी कुणाबद्दल तक्रार नाही. पण अशी बातमी समोर उभं राहून कुणीतरी सांगावी. मला बसायला सांगून सांगावी." एवढंच बोलून खाली बसली. मुद्देसूद म्हणता येणार नाही, पण लोकांना असलं आवडतं.

ब्रिटा मागच्या भिंतीशी उभी होती, गणवेशात. केस कापलेत तिनं. बरे दिसतात. मी भाषण करताना ती जमिनीकडे बघत होती. माझा टाय मॅव्हिसनं घेतलेला होता, तो तिनं ओळखला असेल.

विरोधात एक मत पडलं. त्या सभासदाला ऐकू कमी येतं, ठराव उलटा समजला होता असं झास्ट्रो म्हणतो. दोन मार्चपासून कुलूप.

८ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधून परतताना झास्ट्रो घरी आला, हातात अंगठ्याएवढी काडी. "हे बघ भविष्य," म्हणाला. ती काडी लॅपटॉपला लावायची, तिला एक पाऊण हात तार, आणि बाकी सगळं काम सॉफ्टवेअर करतं. पडद्यावर रंगीत पाऊस पडताना दिसतो. जिथे कुणी बोलतंय तिथे पिवळी रेघ उमटते. रेघेवर टिचकी मारली की आवाज. शिवाय कोणता रेडिओ बोलला त्याचा नंबरही खाली लिहून येतो. माझ्या मागच्या स्कॅनरच्या किमतीत असल्या वीस काड्या येतील. हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

हातातल्या स्कॅनरची सर याला नाही. लॅपटॉप खिशात घालून गोठ्यात जाता येतं का? पहिल्यांदा तर नुसती भणभण. तासभर तारा हलवल्यावर कळलं की स्वयंपाकघरातला नवा दिवाच रेडिओवर बोंबलतोय. दिवा काढला, आवाज आला. आता अंधारात भांडी घासतो.

पण हेही लिहायला पाहिजे की आवाज स्वच्छ आहे. स्वयंपाकघरात बसून! न्हाणीघर सुटलं. टेबलाशी कॉफी घेऊन बसलो आणि ब्रिटा समोरच्या खुर्चीत बसल्यासारखी बोलली: "बर्फगाडी सात, जेवून घ्या आता, सकाळपासून बाहेर आहात."

"कुलूप लागल्यावर ही काडी उघडेल ना?" मी विचारलं.

झास्ट्रोनं माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं छद्मी हसला नाही. "नाही रे लाइल. कुलूप म्हणजे कुलूप. गणित आहे ते, त्याला वशिला चालत नाही. आणि फोडायला गेलास तर तुरुंगात जाशील."

"मग आणलीस कशाला?"

"तीन आठवडे आहेत ना अजून," तो म्हणाला. "नीट ऐकून घे."

२ मार्च, सोमवार

लागलं.

सकाळी ती पाळीवर आली तेव्हा आवाज होता. सगळ्या गाड्यांना म्हणाली, "सुप्रभात, आज आपण नव्या पद्धतीवर जातोय, एकेकानं चाचणी द्या." एकेकजण बोलला. मग ती म्हणाली, "छान. धन्यवाद." आणि संपलं. स्कॅनर चॅनलांवर फिरत राहिला, कुठेच थांबेना. बर्फगाड्या तेवढ्या उघड्या ठेवल्यात, आणि हवामान खात्याचा तो यंत्रातला माणूस.

बॅटऱ्या संपल्या असतील म्हणून बदलल्या. मला माहीत होतं की तसं नाही.

५ मार्च, गुरुवार

एक शोध लागला! बोलणं कुलपात आहे, पण रेघ कुलपात नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर पिवळी रेघ अजून उमटते, आणि बोलणाऱ्या रेडिओचा नंबर अजून खाली लिहून येतो. बंबांचे नंबर आहेत, अँब्युलन्सचे आहेत. आणि कंट्रोल रूमचं टेबल तीन.

म्हणजे ती कधी बोलते ते मला दिसतं. काय बोलते ते कळत नाही, एवढंच. लहान रेघ म्हणजे 'ठीक आहे'. लांब रेघ म्हणजे रस्ता सांगतेय. आज साडेदहाला भली लांब रेघ झाली, मग अँब्युलन्सची लहान, मग परत तिची लांब. घाबरलेल्या माणसाला समजावत असणार. मी म्हटलं, शाब्बास.

हा सगळा तांत्रिक अभ्यास आहे. झास्ट्रो आला, पडद्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "लाइल, तू रेघ बघत बसतोस?"

"वाहतुकीचा अभ्यास करतोय."

"बरं," म्हणाला आणि दिवा नसलेल्या स्वयंपाकघरात माझी साचलेली भांडी घासून गेला. विचित्र माणूस.

१२ मार्च, गुरुवार

बर्फ वितळतोय, छपरावरून धारा. टेबल तीन खूष दिसतंय. लहान लहान रेघा.

१७ मार्च, मंगळवार

काल टेबल तीन दिसलं नाही. आजही नाही. सोमवार, मंगळवार हेही तिच्या पाळीचे दिवस. टेबल एक, टेबल दोन चालू आहेत. काडी बदलून पाहिली, तार बदलून पाहिली, छपरावर चढून तार चिमणीला बांधली. सत्तरीच्या माणसानं ओल्या छपरावर चढू नये हे मला कळतं, पण यंत्राचा दोष आहे की माणसाचा हे नक्की करायला नको?

यंत्र ठीक आहे.

१८ मार्च, बुधवार

टेबल तीन नाही.

आजारी असेल. साधी सर्दी असेल. तिला तो मध... सर्दी असेल तर तीन दिवसांत उतरते. मॅव्हिसचंही साध्या खोकल्यानंच सुरू झालं होतं.

झास्ट्रोला म्हणालो, तू तिला फोन कर, सहज. तो म्हणाला, "मी का? मला ती नात्यानं कोण लागते? उचल आणि फोन कर, गाढवा."

तीनदा फोन हातात घेतला. काय म्हणायचं? 'रेघ दिसली नाही म्हणून फोन केला'? मी लपूनछपून पाळत ठेवतो असं वाटेल तिला.

१९ मार्च, गुरुवार

उपाय सापडला आणि तो पूर्णपणे नियमात बसणारा आहे. काउंटीचा तातडी नसलेल्या तक्रारींसाठी वेगळा नंबर आहे. पडलेली झाडं, मोकाट गाई, गाडीखाली आलेली हरणं, असलं सगळं लोक तिथे कळवतात. फोन कंट्रोल रूममध्येच वाजतो. जो मोकळा असेल तो उचलतो. ती कामावर असेल तर कधी ना कधी तीच उचलेल.

फोन केला. म्हणालो, काउंटी रोड एमवर वळणापाशी हरीण मरून पडलंय. कुणी तरुण पोरगा होता. नाव, नंबर लिहून घेतला, धन्यवाद म्हणाला.

हरीण तिथे नव्हतं, हे खरंय. पण या रस्त्यांवर कुठे ना कुठे एखादं मेलेलं हरीण असतंच.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी दुसरं हरीण, लेक रोडला. बाई होती, पण ब्रिटा नाही. दुपारी तिसरं हरीण, दफनभूमीजवळ. पुन्हा तोच पोरगा. मी विचारलं, "आज तुमच्याकडे माणसं कमी आहेत का हो? कुणी आजारी वगैरे?" तो म्हणाला, "सर, ते सांगता येत नाही. हरीण रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे?" मी म्हणालो, डाव्या.

संध्याकाळी गुत्त्यावर मेलेली हरणं उचलणारा ठेकेदार भेटला. माशाच्या ताटापुढे बसून तडतडत होता. "तीनदा गेलो. तीनदा! हरणाचा एक केस नाही. कुणीतरी माझी चेष्टा करतंय."

"कोल्हे नेत असतील," मी म्हणालो.

"अख्खं हरीण?"

"मोठे कोल्हे आहेत यंदा," झास्ट्रो म्हणाला आणि टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली.

२३ मार्च, सोमवार

आठवडा झाला, टेबल तीन नाही. शनिवारी रविवारी झोप नीट लागली नाही. आज दुपारी तीन वाजता फोन केला. मनाशी ठरवलं होतं की आजही दुसरंच कुणी असेल तर हरीण-बिरीण काही नाही, सरळ विचारायचं, माझी मुलगी कशी आहे.

"टॅमरॅक काउंटी, तातडी नसलेली लाइन. बोला."

ती होती. मध्ये खरखर नाही, पाणी नाही. मी चार महिन्यांत तिचा आवाज इतका जवळून ऐकला नव्हता. घसा साफ होता. मी खुर्चीत बसलो.

"हॅलो? बोला सर."

"हरीण," मी म्हणालो. दुसरं काही सुचेचना. "मेलेलं आहे. रस्त्यात."

"कुठल्या रस्त्यात?"

"काउंटी रोड... एम."

"एमवरचं गुरुवारी झालं, बाबा. शुक्रवारी लेक रोड आणि दफनभूमी. हा हरणांचा हंगामसुद्धा नाही."

"ही लाइन रेकॉर्ड होते," मी तिला बजावलं. तिच्या नोकरीला धक्का नको.

"होते. आणि रेकॉर्ड तपासायचं काम माझ्याकडेच आहे. मला पर्यवेक्षक केलंय. गेल्या सोमवारपासून एक नंबरला बसते मी. खोट्या तक्रारी कोण करतं ते शोधा, असा ठेकेदाराचा अर्ज आलाय. माझी पहिलीच केस."

एक नंबर! आठवडाभर टेबल एकच्या रेघा माझ्या डोळ्यांसमोर होत्या, आणि मी छपरावर चढून तिला शोधत होतो. बढती मिळाली पोरीला. मला रडू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"कसं सांगणार? गावाच्या पानावर टाकायला हवं होतं का? तुम्ही तिथे वाचलं असतंत, गल्ल्यावर उभ्या उभ्या. चाललं असतं?"

त्या बाईच्या मानेचा पट्टा डोळ्यांपुढे आला. त्या दिवशी सभेत ती जे बोलली ते मला आत्ता, हातात फोन धरून, ऐकू आलं.

"नाही," मी म्हणालो. "समोर येऊन सांगायला हवं होतं."

पलीकडे मागे कुठेतरी दुसरा फोन वाजत होता, तो कुणीतरी उचलला. मला वाटलं तिनं आपला फोन ठेवला. मग एकदम तिचा कामाचा आवाज आला, मॅव्हिसचा आवाज, घाबरलेल्या माणसाशी बोलतानाचा.

"तक्रार पुरी करू या सर. हरीण नेमकं कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात."

"कुणाच्या?"

"तुझ्या आईच्या."

"रस्त्याला अडथळा?"

"नाही. कुणाच्या वाटेत नाही. टेबलाशी बसलंय."

"मेलेलं आहे?"

"नाही," मी म्हणालो. "जिवंत आहे. जेवलेलं नाहीये."

ती हसली की रडली ते मला कळलं नाही, आणि इतकी वर्षं लोकांचे आवाज ऐकत बसलेल्या माणसाला ते कळायला हवं होतं.

"मी सहाला सुटते," ती म्हणाली. "समोर येऊन सांगते सगळं. हरणाला म्हणावं, बटाटे उकडायला लावून ठेव. नीट लाव, मागच्या वेळी कच्चे होते."

आता पाच वाजलेत. बटाटे लावलेत. दोघांना पुरून उरतील इतके लावलेत.